निजामाच्या रोल्स रॉइसमधला अस्सल गियरबॉक्स कसा ओळखावा?

#थ्रेड

१/ सन १९११. बार्शी लाइट रेल्वेचे अडीच फुटी रूळ लातूरला येऊन पोहोचले. नांदेडला रेल्वे त्याच्या दशकभर आधीच आली होती. नांदेड आणि लातूर (जे १९८२ साली उस्मानाबादपासून वेगळे होऊन स्वतंत्र जिल्हा झाले) हे दोन्ही प्रदेश तेव्हा हैदराबाद संस्थानात होते.

२/ त्याच सुमारास या संस्थानाचे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्यासाठी इंग्लंडमध्ये एक मोटार आकाराला येत होती. २९ ऑगस्ट १९११ रोजी निजाम निवर्तले. १९१२ची ती पिवळी रोल्स रॉइस सिल्व्हर घोस्ट त्यांचे पुत्र, सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्याकडे आली. मागचे आसन सिंहासनासारखे उंच असल्याने ती ‘थ्रोन कार’ म्हणून ओळखली जाते. आज ती हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात आहे.

३/ शिलालेखाबाबत अभ्यासक विचारतात, तोच प्रश्न अशा गाडीबाबतही पडतो : यातले मूळचे काय आणि मागाहून घातलेले काय? सिल्व्हर घोस्टच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर शोधायला गियरबॉक्स फार उपयोगी पडतो. कारण १९०७ ते १९१३ या अवघ्या सहा-सात वर्षांत कंपनीने तो दोनदा बदलला.

४/ आधी एक संज्ञा समजून घेऊ. गियरबॉक्समधून जाणारी शक्ती एरवी दातेरी चाकांच्या जोड्यांतून फिरते. ‘डायरेक्ट’ गियरमध्ये मात्र इंजिनाकडून येणारा दंड आणि मागच्या चाकांकडे जाणारा दंड एकमेकांना थेट जोडले जातात. इंजिनाची एक फेरी म्हणजे पुढच्या दंडाचीही एकच फेरी. दातांचे घर्षण नसल्याने हा गियर सर्वांत शांत चालतो.

५/ पहिला गियरबॉक्स, १९०७ ते १९०९ : चार गियर, पण डायरेक्ट होता तो तिसरा. चौथा ‘ओव्हरड्राइव्ह’, म्हणजे मोकळ्या सपाट रस्त्यावर इंजिन सावकाश फिरत असतानाही गाडी वेगाने पळावी, यासाठी.

६/ दुसरा, १९०९ पासून : तीनच गियर आणि तिसरा डायरेक्ट. इंजिन इतके दमदार होते की चौथ्याची गरज वाटेना. सप्टेंबर १९११ मध्ये अर्नेस्ट हाइव्ह्स यांनी १७०१ क्रमांकाच्या चासीची सिल्व्हर घोस्ट लंडन ते एडिंबरा आणि परत, अशी सबंध वाट सर्वांत वरच्या गियरमध्येच चालवली. तीन गियर पुरेसे आहेत, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

७/ वर्षभरातच पर्वताने तो पुरावा खोटा ठरवला. १९१२च्या ऑस्ट्रियन आल्प्स स्पर्धेत जेम्स रॅडली यांची सिल्व्हर घोस्ट काचबर्ग घाटाच्या खड्या चढावर अडली. तीन गियरांतला सर्वांत खालचा गियर त्या चढाला पुरेसा खाली नव्हता. उणीव इंजिनात नव्हती, ती गियरांच्या प्रमाणात होती.

८/ तिसरा, १९१३ : पुन्हा चार गियर, पण आता डायरेक्ट चौथा आणि खाली चढासाठी नवा पहिला. असे गियरबॉक्स बसवलेल्या गाड्यांनी १९१३च्या स्पर्धेत आल्प्स गाजवला. सिल्व्हर घोस्टचा हा शर्यतबाज अवतार पुढे ‘अल्पाइन ईगल’ या नावाने प्रसिद्ध झाला.

९/ आता ओळखण्याची रीत. चालकाच्या उजव्या हाताच्या दांड्याला पुढे जाण्याच्या जागा किती, हे मोजावे. तीन असतील तर गियरबॉक्स १९०९ ते १९१३ या काळातला. चार असतील तर शक्यता दोन : १९१३ नंतरचा किंवा १९०९च्या आधीचा. केवळ मोजणी इथे अपुरी पडते.

१०/ त्यासाठी जाणत्या मेकॅनिकने करावयाची एक चाचणी आहे. पुढच्या चाकांना अडण लावावी, मागची दोन्ही चाके उचलून धरावीत, ठिणगी बंद ठेवावी आणि गाडी चौथ्या गियरमध्ये टाकावी. मग हॅण्डलने इंजिन एक पूर्ण फेरी फिरवावे. मागे जाणारा दंडही नेमका एकदाच फिरला, तर गियरबॉक्स १९१३ नंतरचा. एकापेक्षा अधिक फिरला, तर ओव्हरड्राइव्हवाला, आरंभीचा.

११/ तरीही निकाल घाईने देऊ नये. योग्य काळातला गियरबॉक्स त्याच गाडीचा असेलच असे नाही, तो दुसऱ्या गाडीतून काढलेला असू शकतो. रोल्स रॉइस कंपनी प्रत्येक चासीची स्वतंत्र नोंद ठेवत असे. भागांवरचे क्रमांक त्या नोंदीशी ताडून पाहिल्याशिवाय ‘अस्सल’ हा शब्द वापरता येत नाही. बॉडीवरून तर काहीच ठरत नाही, कारण कंपनी तेव्हा केवळ चासी विकत असे. निजामाच्या गाडीची बॉडी बार्कर या वेगळ्या कारागिरांची आहे.

१२/ निजामाच्या गाडीचे साल १९१२. म्हणजे तिच्यात शोधायचा तो तीन गियरांचा गियरबॉक्स. चार आढळले, तर कोणीतरी नंतर हात घातला असे समजावे. ही गाडी सबंध आयुष्यात जेमतेम काही शे मैल धावली. झिजून भाग बदलण्याचा प्रसंग तिच्यावर क्वचितच आला असणार, म्हणून साक्षीदार म्हणून तिचे मोल मोठे.

१३/ खरा धोका झिजेचा नसतो, दुरुस्तीचा असतो. अशा गाडीत चार गियरांचा बॉक्स बसवला तर ती चढ सहज चढेल, पण तीन गियर पुरेसे आहेत असे मानणारा तो चार वर्षांचा काळ तिच्यातून पुसला जाईल.

१४/ नांदेड-लातूरच्या एखाद्या वाड्यात जुनी जीप वा मोटार धूळ खात उभी असेल, तर तिच्यासाठीही हाच नियम. दुरुस्तीआधी भागांवरचे क्रमांक उतरवून घ्यावेत, छायाचित्रे काढावीत आणि काढलेला जुना भाग भंगारात न देता गाडीसोबतच जपून ठेवावा.

#मराठवाडा #इतिहास