पट्ट्याला झोळ

जर्मन पँथर रणगाड्याचं 1/35 मापाचं जुनं मॉडेल किट उघडलं की एका पिशवीत काळा, रबरासारखा लवचिक पट्टा निघतो. चाकं बसवायची, पट्टा गोल जोडायचा आणि चाकांवर चढवायचा, की तो कमरेच्या इलॅस्टिकसारखा ताणून बसतो. खऱ्या पँथरचा पट्टा मात्र असा ताठ कधीच नसायचा. दातेरी चाकापासून मागच्या चाकापर्यंत त्याची वरची बाजू स्वतःच्या वजनानं खाली येऊन मोठ्या चाकांच्या माथ्यावर विसावलेली असायची. हा झोळ मॉडेलच्या पट्ट्याला पाडणं हा रणगाडे बनवणाऱ्यांचा जुना उद्योग आहे. पट्टा एवढा हट्टी कशामुळे, हे कळायला 1961 च्या शिझुओकात जावं लागतं.

जपानमधल्या या शहरात योशिओ तामिया यांनी 1946 साली लाकडाची गिरणी सुरू केली होती. 1951 च्या आगीत लाकडाचा साठा गेला आणि 1953 पासून त्यांनी लाकडाचा व्यापार सोडून फक्त लाकडी मॉडेलं करायचं ठरवलं. 1960 साली प्लास्टिकमध्ये उतरून त्यांनी यामातो ही युद्धनौका काढली. तेच जहाज दुसऱ्या कंपनीनं स्वस्तात विकलं आणि तामियांचा पहिला डाव फसला. पुढचा डाव पँथरचा होता. रणगाड्याला सरळ कडा आणि सपाट पत्रे, त्यामुळे साचा कमी खर्चात व्हायचा. शिवाय आत मोटर बसवली की तो खरोखर चालायचा, आणि पोरांना तेच हवं होतं.

1/35 हे मापही या मोटरमुळेच आलं. मुलगा शुन्साकू तामिया यांनी पुढे लिहून ठेवलंय, की पँथर खपल्यावर त्याच मापात इतर देशांचे रणगाडे काढायचं ठरलं तेव्हा त्यांनी मॉडेल मोजून पाहिलं. ते खऱ्याच्या साधारण 1/35 भरलं. आकार ठरवताना दोन बॅटऱ्या पोटात मावाव्यात एवढाच विचार होता. आज जगभरातल्या कंपन्या त्या बॅटऱ्यांच्या मापाला प्रमाण मानून रणगाडे काढतात, याची मला अजूनही गंमत वाटते.

पट्टाही त्याच हिशेबातला होता. मोटरनं दातेरी चाक फिरवलं की पट्टा घसरता कामा नये, सतरंजीच्या कडेला अडखळला तरी उतरता कामा नये. त्यासाठी तो ताणलेलाच हवा. त्या कामाला मऊ केलेलं व्हिनाइल चपखल होतं. मुळात कडक आणि ठिसूळ असलेलं पीव्हीसी तेलकट रसायनांत मुरवून रबरासारखं लवचिक करण्याची युक्ती 1926 साली अमेरिकेत गुडरिच कंपनीच्या वाल्डो सेमन यांना सापडली होती. धातूला रबर चिकटवणारा पदार्थ शोधता शोधता हाती लागलेली ही गोष्ट. त्या तेलकट द्रव्यात एक खोडही आहे. ते जागेवर राहत नाही, हळूहळू बाहेर येतं आणि शेजारचं पॉलिस्टायरीन मऊ करतं. वर्षानुवर्षं बंद पडून राहिलेल्या जुन्या किटमध्ये पट्ट्याला टेकलेली चाकं वितळलेली सापडतात ती याच द्रव्यामुळे.

इंग्लंडमध्ये एअरफिक्स कंपनीनं 1960 च्या दशकात 1/76 मापाचे छोटे रणगाडे काढले. त्यांचे पट्टे पॉलिथिनचे. पॉलिथिनला किटमधलं सिमेंट, म्हणजे प्लास्टिकचा गोंद, चिकटत नाही आणि त्यावर रंगही धरत नाही. पट्टा जोडायचा तर एका टोकाच्या घुंड्या दुसऱ्या टोकाच्या भोकांतून काढायच्या आणि तापवलेल्या स्क्रूड्रायव्हरनं चेपायच्या. त्यात पट्टा आखूड निघाला, तर पुढची छोटी चाकं आत ओढली जाऊन वाकडी व्हायची.

पट्टा ताठ असल्याची तोवर तक्रार कोणाची नव्हती, कारण खेळणं खेळण्यासारखं चालत होतं. 1970 च्या दशकात गिऱ्हाईक बदललं. शिकागोचे मॉडेलकार शेपर्ड पेन यांनी मोनोग्राम कंपनीच्या किटांसाठी केलेले युद्धप्रसंगांचे देखावे पाहून मोठी माणसंही या छंदाकडे वळली. त्यांना रणगाडा चालवायचा नव्हता. चिखल माखून, गंज दाखवून कपाटात ठेवायचा होता. मोटर हळूहळू किटमधून गेली. तिच्या स्विचची भोकं मात्र रणगाड्याच्या पोटाला तशीच राहिली, कारण साचे जुनेच होते. पट्टाही तसाच राहिला. चालण्यासाठी त्याला दिलेला ताण आता दोष ठरला.

खरा पट्टा म्हणजे पिनांनी जोडलेल्या पोलादी कड्या. प्रत्येक सांधा मोकळा, त्यामुळे पट्टा स्वतःच्या भारानं लोंबतो. व्हिनाइलचा पट्टा अखंड असतो, वाकवला की उलटा उसळतो, आणि ती उसळी मोडण्याइतकं वजन त्याच्यात नसतं. मग लोकांनी तोडगे काढले. पट्ट्याच्या वर येईल अशा बेतानं रणगाड्याच्या बाजूला बारीक भोकं पाडायची आणि त्यांत टाचण्या खुपसून पट्टा खाली दाबून धरायचा. काळ्या दोऱ्यानं तो चाकांच्या आसाला बांधायचा. गरम पाण्यात मऊ करून हवा तसा वळवायचा आणि गार होईपर्यंत तसाच धरायचा. किंवा चाकांच्या माथ्यावर सुपरग्लूचा थेंब, आणि पट्टा व मडगार्ड यांच्यामध्ये स्पंजचा तुकडा कोंबायचा. या सगळ्यांत टाचणी मला सगळ्यात भरवशाची वाटते. मडगार्डखाली ती दिसत नाही, आणि व्हिनाइल सुपरग्लूला कधी दगा देईल ते सांगता येत नाही.

झोळ सरसकट पाडणं मात्र चूक. अमेरिकन शर्मनच्या पट्ट्याच्या सांध्यांत रबराचे बुश, म्हणजे पिनेभोवतीची अस्तरं, असतात. असा पट्टा जमिनीवर मोकळा पसरला तर आपसूक वर वळतो. त्याची वरची बाजूही छोट्या रोलरांवर उचलून धरलेली असते. तिथे पँथरसारखा झोळ काढणाऱ्यानं मेहनत केली, पण फोटो पाहिला नाही. ज्यांना खरे पट्टे जवळून पाहायचे आहेत त्यांना अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय आहे. 1994 साली सुरू झालेल्या त्या आवारात देशोदेशीचे रणगाडे उघड्यावर उभे आहेत. तिथे पट्ट्याची लोंबणारी बाजू पाहावी, आणि शक्य तर सांध्यांतल्या पिनाही.

पुढे जपानच्या मॉडेलकास्टेननं सुट्या सुट्या प्लास्टिकच्या कड्या विकायला आणल्या आणि हंगेरीच्या फ्रिउलमॉडेलनं धातूच्या. धातूचा पट्टा तारेच्या पिनांवर ओवायचा, की खऱ्यासारखा आपल्याच वजनानं लोंबतो. एकेक कडी साफ करून जोडताना कित्येक संध्याकाळी सरतात आणि पैसे बरेच जातात, हा भाग वेगळा. हाँगकाँगच्या ड्रॅगननं साध्या सिमेंटनं चिकटणारा लवचिक पट्टा काढला. तामियाच्या अलीकडच्या बऱ्याच किटांत पट्ट्याची वरची बाजू एकाच कडक तुकड्यात येते आणि झोळ साच्यातच कोरलेला असतो. ती चिकटवली की चाकं फिरत नाहीत. ती फिरावीत अशी अपेक्षाही आता कोणी करत नाही.