एका घराचे दोन दरवाजे

मागच्या व्याख्यानात आपण १८१८ सालच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’पाशी थांबलो होतो. तिथे निर्माता आणि त्याने घडवलेला जीव असे दोन वेगळे देह होते. आज आपण ६८ वर्षं पुढे जाऊ. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनची डॉक्टर जेकिल आणि मिस्टर हाइडची गोष्ट जानेवारी १८८६ मध्ये प्रसिद्ध झाली. इथे माणूस एकच आहे.

गोष्ट लंडनमध्ये घडते, पण तिचं एक मूळ एडिंबरात आहे. स्टीव्हन्सनच्या लहानपणीच्या खोलीत एक लाकडी कपाट होतं, विल्यम ब्रोडी नावाच्या कारागिराने केलेलं. हा ब्रोडी अठराव्या शतकात त्या शहरातलं बडं प्रस्थ होता. सुतारांच्या संघाचा प्रमुख, नगरपरिषदेचा सभासद. दिवसा तो प्रतिष्ठितांकडे कामाला जायचा, किल्ल्यांचे ठसे मेणात घ्यायचा आणि रात्री साथीदारांसह चोऱ्या करायचा. जुगाराचा नाद होता ना! १७८८ मध्ये अबकारी कचेरी फोडण्याचा बेत फसला. ब्रोडी पळाला, ॲमस्टरडॅमला पकडला गेला आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला फासावर चढला. स्टीव्हन्सनने कवी हेन्लीबरोबर त्याच्यावर नाटकही लिहिलं.

आता जेकिलचं घर बघा. पुढचा दरवाजा ऐश्वर्य मिरवणारा. मागचा गल्लीत उघडणारा, रंग उडालेला, त्याला साधी घंटाही नाही. हाइडची ये-जा या मागच्या दाराने. घर एकच आहे हे आपल्याला जरा उशिराच कळतं.

आपण सहज म्हणतो की जेकिल म्हणजे चांगुलपणा आणि हाइड म्हणजे दुष्टपणा. नीट वाचलं तर हे टिकत नाही. हाइड निखळ दुष्ट आहे, हे खरं. पण औषध घेऊन पुन्हा जेकिल होणारा माणूस पहिल्यासारखाच, बऱ्यावाइटाचं मिश्रण राहतो. त्याचा चांगुलपणा कणभरही वाढत नाही. कारण त्याला वाईट सोडायचं नव्हतंच, वाईट करून नाव शाबूत ठेवायचं होतं.

पुरावा हवा? हाइड एका लहान मुलीला तुडवतो. लोक त्याला धरतात, तेव्हा भरपाईचा धनादेश निघतो तो जेकिलच्या सहीचा. यावर जेकिल काय करतो? पश्चात्ताप नाही. हाइडच्या नावाने बँकेत वेगळं खातं उघडतो आणि स्वतःचंच अक्षर मागे कलवून त्याला नवी सही देतो.

आपल्याला भीती वाटते ती हाइडच्या चेहऱ्याची. पण ती सही करताना औषध लागलेलं नाही. हात जेकिलचाच होता, शुद्धीवरचा.

पुढच्या वेळी आपण १८९७ च्या ‘ड्रॅक्युला’कडे वळू. तिथे वाईट परदेशातून जहाजाने येतं. ते असं बाहेरून यावं अशी आपल्याला इतकी गरज का वाटते, तिथूनच सुरुवात करू.