थंड इंजिनाचा ठोका : निदानाचा एक इतिहास

हिवाळ्यातल्या सकाळी गाडी सुरू केली की इंजिनातून टकटक ऐकू येते आणि दोन-चार मिनिटांत ती विरून जाते. हा आवाज कसला, असे वर्गात विचारले की उत्तर ठरलेले असते : "सर, नॉकिंग." पेट्रोल इंजिनाच्या बाबतीत हे उत्तर बहुधा चुकते. पण विद्यार्थ्यांना हसण्याचे कारण नाही, कारण अशीच चूक शंभर वर्षांपूर्वी नामांकित अभियंत्यांनी केली होती.

१९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग यांचा विजेवर चालणारा स्टार्टर आणि बॅटरीवरची प्रज्वलन यंत्रणा आली. हँडल फिरवण्याचा त्रास संपला. मात्र चढावर इंजिन ठोके देई, आणि टीकाकारांनी त्याचे खापर या नव्या यंत्रणेवर फोडले. पुढे केटरिंग यांच्या कंपनीने शेतघरांसाठी रॉकेलवर चालणारे वीजसंच काढले, तर तिथे ठोका आणखीच वाढला. यंत्रणा बदलली तरी आवाज तसाच राहिला. म्हणजे संशयित कदाचित वेगळाच होता.

१९१६ मध्ये हे काम टॉमस मिजली या तरुण यांत्रिकी अभियंत्याकडे आले. ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटते आणि त्यामुळे ठोका बसतो, अशी त्या काळी सर्वसाधारण समजूत होती. मिजलीने सिलिंडरमधला दाब प्रकाशकिरणाने टिपला. तेव्हा ठिणगीनंतर ज्वलन नेहमीसारखे सुरू होते आणि ते संपत येताना दाब एकदम उसळतो, असे दिसले. इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डोही याच निष्कर्षाला आले होते : ज्योत पुढे सरकताना शेवटी उरलेला वायू दाबला जातो, तापतो आणि ज्योत पोहोचण्याआधीच एका क्षणात स्वतःच पेटतो. निदान नेमके झाले ते इथे.

उपायाची कथा मात्र गमतीची आहे. ट्रेलिंग आर्ब्युटस नावाचे एक लालसर पानांचे रोपटे बर्फाखालीही फुलते. लाल रंग उष्णता शोषत असावा, मग रॉकेल लाल केले तर ते लवकर वाफारेल, असा तर्क लढवला गेला. लाल रंग हाताशी नव्हता म्हणून मिजलीने आयोडीन टाकले आणि ठोका थांबला! नंतर खरे लाल रंग वापरले, तर काहीच फरक पडला नाही. गुण रंगाचा नव्हता, आयोडीनचा होता. चुकीच्या गृहीतकाने बरोबर दार उघडले. पण दुसरा प्रयोग केला नसता, तर आपण आजही पेट्रोल रंगवत बसलो असतो.

पुढे अनेक रसायने तपासून डिसेंबर १९२१ मध्ये टेट्राएथिल लेड सापडले आणि १९२३ मध्ये ओहायोतील डेटन इथे शिसेयुक्त पेट्रोल विक्रीला आले. अल्कोहोलनेही ठोका कमी होतो, हे याच गटाला ठाऊक होते. शिसे विषारी आहे, हेही सर्वांना ठाऊक होते. खुद्द मिजलीला त्याची बाधा झाली होती. १९२४ मध्ये न्यू जर्सीतील कारखान्यात पाच कामगार दगावले, विक्री काही काळ थांबली आणि पुन्हा सुरू झाली. भारतात शिसेमुक्त पेट्रोल सर्वत्र लागू व्हायला २००० साल उजाडले. त्याआधी भर रहदारीच्या रस्त्याकडेला वाढलेल्या मुलांनी या उपायाची किंमत श्वासातून मोजली.

आता पुन्हा सकाळच्या टकटकीकडे वळू. शेवटचा वायू स्वतः पेटण्यासाठी तो तापलेला हवा, म्हणून खरा ठोका गरम इंजिनावर, चढावर, भार असताना येतो. थंड पेट्रोल इंजिनाची टकटक यांत्रिक असते. ॲल्युमिनियम पिस्टन ओतीव लोखंडी सिलिंडरच्या साधारण दुप्पट प्रसरण पावतो. म्हणून थंड असताना दोघांत फट जास्त राहते आणि पिस्टन भिंतीवर आपटतो. एका सिलिंडरची ठिणगी क्षणभर बंद करून पाहा. आवाज मंदावला, तर दोष त्याच सिलिंडरच्या पिस्टनशी किंवा कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगशी असण्याची शक्यता मोठी. सुरुवातीचे काही क्षणच खडखड झाली, तर तेलाचा दाब चढायला वेळ लागत असेल. टिकटिक क्रँकच्या निम्म्या वेगाने येत असेल, तर व्हॉल्व्हकडे पाहा, कारण कॅमशाफ्ट निम्म्या वेगाने फिरतो.

डिझेलचे गणित उलटे आहे. थंड हवेत इंधन पेटायला उशीर होतो, तोवर जास्त डिझेल साठते आणि मग सगळे एकदम पेटते. तिथे थंडीतला ठोका खरोखरच ज्वलनाचा असतो.

आजची गाडी स्वतःच ऐकते. ठोक्याने सिलिंडरमधला वायू कंप पावतो. ८० मिमी व्यासाच्या सिलिंडरमध्ये ध्वनीचा वेग सेकंदाला ९५० मीटर धरला, तर ही वारंवारता सुमारे ७,००० हर्ट्झ येते. ब्लॉकवरचा संवेदक हा सूर पकडतो आणि संगणक ठिणगी किंचित मागे सरकवतो. हे गणित सोडवून पाहा. तुमच्या मोटारसायकलच्या सिलिंडरचा व्यास लहान असेल, तर उत्तर वर जाईल की खाली?