शून्य दोन एक नऊ एक

आपल्या सोसायटीत महाड-पोलादपूरकडची बरीच घरं आहेत, त्यात कुडपणचीही. कुडपण सह्याद्रीच्या अंगाखांद्यावरचं; गाव डोंगरात आणि माणसं मुंबईत. त्यामुळे ०२१९१ हा आकडा आपल्याकडच्या ज्येष्ठांना अजून पाठ आहे. तो पोलादपूरचा एसटीडी कोड. शेजारच्या महाडचा ०२१४५. आंबेनळी घाट चढून वर गेलं की महाबळेश्वर, त्याचा ०२१६८. हे आकडे आले कुठून, ते मुलांना ठाऊक असावं म्हणून हा लेखनप्रपंच.

त्याआधी ट्रंक कॉल होता. १८० फिरवायचा, नंबर नोंदवायचा आणि बसायचं वाट बघत. घाई असेल तर अर्जंट, फारच घाई असेल तर लायटनिंग, पण त्याचे पैसे ऐकूनच माणूस गार पडे. गावाकडून ट्रंक आला की घरातल्या बायका आधी डोळ्याला पदर लावायच्या, मग ‘कोण गेलं?’ विचारायच्या. कारण चांगल्या बातमीसाठी पोस्टकार्ड होतंच की!

ऑपरेटरशिवाय थेट परगावी फोन लावायची सोय देशात प्रथम २५ नोव्हेंबर १९६० ला लखनौ-कानपूर दरम्यान झाली. आपल्या खेड्यांकडे ती यायला पुढे कितीतरी वर्षं गेली. ती आली तशी पिवळ्या पाटीची एसटीडी बूथं आली आणि रात्री ११ नंतर पाव दरात बोलायला रांगा लागल्या.

आता हिशोब. (बँकवाल्याला हिशोब सोडवत नाही.) सुरुवातीचा शून्य सोडा. मुंबईचा कोड २२, म्हणजे दोन आकडी, आणि फोन नंबर सात आकडी, बेरीज नऊ. पोलादपूरचा कोड २१९१, चार आकडी, आणि नंबर पाच आकडी. बेरीज पुन्हा नऊ. जिथे फोन जास्त तिथे कोड आखूड, म्हणजे नंबरांना जागा मोठी. जिथे फोन मोजके तिथे कोड लांब. देशाचे असे सुमारे २,६०० विभाग पाडलेले, बहुतेक तालुक्याएवढे. म्हणून कुडपण महाडच्या नाही, पोलादपूरच्या कोडात.

पुण्याचा कोड आधी ०२१२ होता. फोन वाढले, तेव्हा कोड ०२० करून नंबर एका आकड्याने लांबवला. गंमत म्हणजे न्यूयॉर्कचाही कोड २१२. तिथे नंबर पुरेनात तेव्हा त्यांनी १९८४ मध्ये शहराचेच दोन भाग केले आणि ब्रुकलिन-क्वीन्सला ७१८ दिला. आपल्याकडे शहर फोडलं नाही, आकडा जोडला. मला आपली रीत बरी वाटते.

आपण इथे राहायला आलो आणि दोनेक वर्षांतच, २००२-०३ च्या सुमारास, सगळ्यांच्या नंबरापुढे २ लागला. मुंबई आठ आकडी झाली, पोलादपूर सहा आकडी. बेरीज दहा. दुसऱ्या कंपन्यांच्या फोनसाठी बाकीचे आकडे मोकळे ठेवायचे होते, हेही एक कारण. सोसायटीची टेलिफोन यादी तेव्हा नव्याने टाइप करावी लागली. जुन्या यादीवर पेनाने २ घालणारेही होतेच.

पुढे मोबाईल आला. त्याच्या दहा आकड्यांत गाव दिसत नाही. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यात तळियेला आणि पोलादपुरात केवनाळे, साखर सुतारवाडीला दरडी कोसळल्या, तेव्हा आपल्या मजल्यांवर रात्रभर दिवे होते. मोबाईल लागत नव्हते. कुणीतरी जुनी डायरी काढली आणि तहसील कचेरीचा नंबर शोधून फिरवायला घेतला: शून्य दोन एक नऊ एक...