खुर्चीवरच्या नवरा-नवरीची कुळकथा

खान्देशातल्या फोटोग्राफरला नाच टिपायला शिकवावं लागत नाही. जळगाव-धुळ्याच्या वरातींत बँडपुढे उलटं चालत, धक्के खात त्याचा हात तयार झालेला असतो. चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस यांनी घरातच टेबलावर काटक्या-दगड मांडून निसर्गदृश्यं टिपली. वरातवाल्याला तेवढी सवड कुठली? तोच फोटोग्राफर ठाण्याला किंवा पुण्याला बेने इस्रायलांच्या, म्हणजे मराठी यहुद्यांच्या लग्नाला गेला, की त्याचं लक्ष आधी खुर्च्यांकडे जातं. नवरा-नवरीला खुर्च्यांसकट उचलतात, भोवती हात धरून फेर फिरतो, 'हावा नागिला' वाजतं. यहुदी लग्न म्हटलं की सिनेमात दिसतं ते हेच. अल्बममधलं हे सर्वांत धाकटं पान.

हा फेराचा नाच, होरा, मूळचा रुमेनिया-बाल्कनकडचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पूर्व युरोपातले यहुदी तो पॅलेस्टाइनला घेऊन गेले. 1924 साली बारुख अगादाती या नर्तकाने त्याला रंगमंचावर आणलं. 'हावा नागिला'ची चाल हसिदी पंथीयांची, तिला शब्द दिले अब्राहम इडेलसोनने, जेरुसलेममध्ये, 1918 च्या सुमारास. खुर्च्या उचलणंही पूर्व युरोपातलंच. कोकणात तेलाचे घाणे चालवणाऱ्या आणि शनिवारी ते बंद ठेवणाऱ्या 'शनवार तेल्यां'चा, म्हणजे बेने इस्रायलांचा, या कशाशी काय संबंध? 1948 नंतर या समाजातली बहुतेक घरं इस्रायलला गेली. तिकडची लग्नं इथल्या नातलगांच्या डोळ्यांपुढे आली आणि खुर्ची बहुधा त्याच वाटेने इकडे पोचली. गंमत अशी, की त्याच इस्रायलमध्ये काही धर्मगुरू बेने इस्रायलांची लग्नं लावायला कां-कूं करत होते. त्याविरुद्ध आंदोलन झालं, आणि 1964 मध्ये संसदेला जाहीर करावं लागलं, की हे सर्वार्थाने यहुदीच.

जुनी पानं आदल्या रात्री सुरू होतात. वराच्या उजव्या तर्जनीला मेंदी लावतात. पोहे, गूळ, खोबरं नि फळांचा मलिदा मांडून एलियाहू हन्नाबीची, म्हणजे एलिया प्रेषिताची, आठवण करतात. मेंदी शेजाऱ्यांकडून आली असं सहज म्हटलं जातं. ते अर्धंच खरं असावं, कारण येमेन आणि मोरोक्कोच्या यहुद्यांतही मेंदीची रात्र असते. फुलांचा सेहरा मात्र नि:संशय इथला.

लग्नात वधू आत येते तेव्हा वर तिच्यासाठी 'योनाती' हे हिब्रू गीत गातो. सगळे कॅमेरे तिच्याकडे वळतात. माझ्या मते एक तरी गाणाऱ्याच्या तोंडावर हवा. मग केतुबा, म्हणजे लग्नाचा करारनामा, वाचतात. हे पान फार जुनं आहे: बाबथा नावाच्या बाईचा दुसऱ्या शतकातला असा करार 1961 साली मृत समुद्राजवळच्या गुहेत सापडला. चार काठ्यांवरचा कापडी मांडव त्यामानाने पोरसवदा. त्याचा ठळक उल्लेख येतो तो सोळाव्या शतकात, पोलंडच्या मोझेस इस्सरलेस यांच्या लिखाणात.

शेवटी वराच्या टाचेखाली पेला फुटतो. तालमूद या यहुदी धर्मग्रंथात गोष्ट आहे, की मुलाच्या लग्नात विद्वान पाहुण्यांना आनंदात भान राहिलं नाही, तेव्हा बापाने चारशे नाण्यांचा मौल्यवान पेला आणून त्यांच्यापुढे फोडला. मंडळी एकदम गंभीर झाली. पुढे या फुटण्याला जेरुसलेमच्या उद्ध्वस्त मंदिराच्या शोकाचा अर्थ चिकटला. आज तोच आवाज झाला, की 'मझल तोव'चा, म्हणजे अभिनंदनाचा, गजर होतो आणि नाच सुरू होतो. आवरायला आलेली रीत इशारा होऊन बसली! म्हणून फोटोग्राफरने टाचेवर नेम धरून जमिनीलगत बसण्यात हशील नाही. पेला बहुतेकदा रुमालात गुंडाळलेलाच असतो. त्यानंतरच्या दोन सेकंदांत आईबापांचे चेहरे मिळतात.