चौलला जायचं ठरवताना

समुद्र आणि जुनं बंदर पाहायला जायचं असं आम्ही झरी जामणीच्या बायांनी ठरवलं, तेव्हा पहिला प्रश्न आला तो असा: देवाला नाही, लग्नाला नाही, कामाला नाही, मग बायांनी एवढ्या लांब जायचं कशाला? घरच्यांनी तर विचारलंच, आमच्यातल्याही काही जणींनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. चार-पाच दिवसांची मजुरी बुडते आणि वर भाड्याचा खर्च असतो. म्हणून आज त्याचंच उत्तर देऊ.

आम्ही निवडलेली जागा म्हणजे रायगड जिल्ह्यात अलिबागच्या दक्षिणेला असलेलं चौल आणि त्याला लागून असलेलं रेवदंडा. आज तिथं नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत आणि शांत रस्ते आहेत. पण एके काळी हे पश्चिम किनाऱ्यावरचं नावाजलेलं बंदर होतं. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक व्यापाऱ्यानं समुद्री व्यापाराची माहिती लिहून ठेवली. त्यात इथल्या बंदरांच्या यादीत ‘सेमुल्ल’ असं नाव येतं. ते चौलच, असं अभ्यासक मानतात. त्याच पुस्तकात आपल्यासारख्या आतल्या मुलखाचीही गोष्ट आहे. आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरहून साधं कापड आणि तलम मलमल गाड्यांत भरून गुजरातेतल्या भडोच बंदराला जायची. भडोचहून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर, आणि तिथून पुढं तेर दहा दिवसांच्या, असंही त्यानं लिहिलं आहे. म्हणजे बंदर समुद्रावर असलं, तरी त्याचा माल वावरातून आणि घरातून यायचा.

पुढं दहाव्या शतकात मसूदी नावाचा अरब प्रवासी इथं आला. तेव्हा कोकणात शिलाहारांचं राज्य होतं. चौलमध्ये सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, असं त्यानं लिहिलं. त्यानंतर साडेपाचशे वर्षांनी, १४६९ च्या सुमारास, अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी एक घोडा विकायला घेऊन चौलला उतरला. गोरा माणूस पाहायला लोक त्याच्या मागं मागं फिरत. इथले लोक केसांची एक वेणी घालतात, हेही त्यानं टिपून ठेवलं.

मग पोर्तुगीज आले. १५२१ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहाच्या परवानगीनं त्यांनी रेवदंड्याला ठाणं बांधलं. पुढं त्याच निजामशाहीशी त्यांचं बिनसलं. १५७०-७१ मध्ये निजामशाहाच्या फौजेनं शहराला वेढा घातला, पण ते पडलं नाही. शेवटी १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई जिंकली आणि पुढच्या वर्षी तहानं चौल मराठ्यांकडे आलं. तोवर मुंबई वाढू लागली होती. इंग्रजांनी चौलचे विणकर बोलावून मुंबईत वसवले. व्यापार तिकडं गेला आणि चौलचं शहरपण ओसरलं.

आता आमचं उत्तर ऐका. या साऱ्या इतिहासात राजांची नावं आहेत, सरदारांची आहेत, कापडाचीही आहेत. पण कापूस वेचल्याशिवाय, सरकी काढल्याशिवाय, पेळू करून सूत कातल्याशिवाय कापड होत नाही. ही कामं करणाऱ्या बायांचं नाव त्यात कुठं आहे? आपण पिढ्यान्‌पिढ्या कापसाच्या मुलखात राहतो. वेचून वेचून बोटं सोलवटतात, ती आपली. सेवाग्रामचा चरखा आपण पाहिला आहे. त्या बंदराच्या तटापुढं उभं राहून ‘हे शहर कुणाच्या हातांवर उभं होतं?’ असं विचारणारी बाई कापसाच्या मुलखातलीच हवी. म्हणून जायचं.

तिथं काय पाहायचं, तेही ठरवलं आहे. रेवदंड्याचा तट आणि तटाच्या आत उभा असलेला पडक्या चर्चचा उंच मनोरा, त्याला लोक सातखणी म्हणतात. चौलचं रामेश्वराचं देऊळ आणि त्यापुढची पुष्करणी. खाडीपलीकडं कोर्लई. तिथल्या काही घरांत आजही पोर्तुगीज आणि मराठी मिसळून झालेली बोली बोलतात. आपल्याकडं कोलामी घरात टिकली, तशी ती तिथं टिकली. या भागात बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवत. शनिवारी ते काम बंद ठेवत, म्हणून गावानं त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं. बंदरावर परका माणूस येतो आणि हळूहळू गावचा होतो, हे तिथं दिसतं.

आता हिशेब. वेळ फेब्रुवारीची, म्हणजे वेचणी आटोपलेली आणि ऊन अजून कडक नाही. पावसाळ्यात गेटवेवरून मांडव्याला जाणाऱ्या बोटी बंद असतात, म्हणून ते दिवस टाळायचे. वणीहून रेल्वेनं मुंबई, गेटवेवरून बोटीनं मांडवा, मग अलिबाग आणि तिथून एसटीनं रेवदंडा. बोट नको असेल तिनं पनवेलमार्गे एसटीनं यावं. एसटीत २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरच्या आजीला तिकीटच नाही. आधार कार्ड मात्र जवळ ठेवायचं. गाडीची वेळ निघण्याआधी स्थानकावर पुन्हा विचारून घ्यायची.

पैशाचा नियम एकच: बचतीच्या आणि कर्जाच्या रकमेला हात लावायचा नाही. सहलीची वर्गणी वेगळी जमा करायची आणि तिची वही वेगळी ठेवायची. जिला जमत नाही तिच्यासाठी बाकीच्यांनी थोडं थोडं वाढवायचं, पण ते बैठकीत सर्वांसमोर ठरवायचं. म्हणजे कुणाला मिंधं वाटणार नाही. घरी म्हातारं माणूस किंवा लेकरू असेल, तर त्या दिवसांत कोण पाहील हे आधी बोलून घ्यायचं. सगळ्यात मोठी अडचण हीच असते, पैशाची त्यानंतर.

जायच्या आधी प्रत्येकीनं एक काम करावं. गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारावं: तुमच्या आईच्या काळी सूत कोण कातायचं, सरकी कशानं काढायचे, कापूस कोणत्या बाजाराला जायचा? ती सांगेल ते लिहून ठेवावं, तिच्या नावासकट. चौलच्या नोंदींत जे राहून गेलं, ते निदान आपल्या वहीत राहू नये.