मधल्या महिन्यांचा इतिहास

इतिहासाची पुस्तकं आपण सगळ्यांनीच वाचली. लढाया वाचल्या, तह वाचले. पण डोक्यावर मोळी घेऊन बांधावरून चालणाऱ्या बाईला पाचव्या महिन्यात काय होत होतं, हे कुठल्या पुस्तकात आलं नाही. लिहिणारे त्या घरातले नव्हते. आपण त्या घरातले आहोत, तेव्हा आपणच ते लिहायला पाहिजे.

मित्रांनो, पोटुशी बाई म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर नववा महिना येतो. मला मधल्या महिन्यांबद्दल लिहायचं आहे. चौथा, पाचवा, सहावा. पहिले तीन महिने मळमळीचे, कुणाला न सांगायचे. शेवटचे दोन जडपणाचे, सगळ्या गल्लीला दिसणारे. मधे बाईला जरा बरं वाटतं. उलट्या थांबतात, भाकर गोड लागते. म्हाताऱ्या म्हणतात, पोरगी सावरली आता. अन् तिथंच घात होतो. सावरली म्हणजे कामाला मोकळी झाली, असं घर धरतं, मुकादम धरतो, मालक धरतो.

शरीराचा हिशोब वेगळा आहे. याच महिन्यांत अंगातलं रक्त वाढत जातं, पण ते पातळ होत जातं. लोह पोटात गेलं नाही तर बाई पांढरी पडते. जिने चढताना धाप लागते, उठताना डोळ्यापुढं अंधारी येते. पाचव्या महिन्यात गर्भाशय बेंबीपर्यंत येतं. अठराव्या-विसाव्या आठवड्याच्या सुमारास पहिलटकरणीला बाळ हाललेलं कळतं. दुसऱ्या खेपेला जरा आधी. पोटात मासोळी फिरल्यागत होतं, असं बाया सांगतात. ज्या घडीला हे कळतं त्या घडीला ती कुठं असते, हा माझा प्रश्न आहे. आपल्या बहुतेक आया त्या घडीला कामावर होत्या.

आता पणदऱ्याकडं बघू. बारामतीहून नीरेकडं जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव. बारामती तालुक्याचे दोन तुकडे आहेत, एक जिरायती, दुसरा बागायती. ही फाळणी केली नीरा डाव्या कालव्यानं. १८८० च्या दशकात इंग्रज सरकारनं हा कालवा काढला आणि त्या पट्ट्यात ऊस आला. पुढं इंदापूर तालुक्यात वालचंदनगर उभं राहिलं. स्वातंत्र्यानंतर सहकारी कारखाने निघाले: माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती. या पट्ट्याच्या विकासाचे गोडवे पुष्कळांनी गायले आहेत. आपण त्या विकासाखाली कुणाची कंबर होती ते बघू.

कालव्याचं पाणी आलं तरी गावकुसाबाहेरची वस्ती बाहेरच राहिली. महारकीच्या वतनात एकटा पुरुष राबत नव्हता, सगळं घर राबत होतं. लाकडं फोडायची, सांगावे पोचवायचे, मेलेलं ढोर ओढायचं, अंगण झाडायचं. बाईला दिवस गेलेत म्हणून वेठ माफ, असा नियम वतनात नव्हता. मांगवाड्यातली बाई सुईण. गावातल्या बड्या घरची बाळंतपणं तिच्या हातानं व्हायची. पोटावरनं हात फिरवून ती सांगायची, कितवा महिना, मूल आडवं की उभं. ते ज्ञान त्या घराला चालत होतं. बाळाची नाळ कापली की तोच हात पुन्हा विटाळ ठरायचा. आणि ती सुईण स्वतः पोटुशी असली तर तिच्या पोटावर हात ठेवायला वाड्यातून कोण आलं?

१९२८ साल आपल्या कार्यकर्त्यांनी पाठ करावं. त्या वर्षी मार्च महिन्यात बाबासाहेबांनी मुंबई कायदे कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारं बिल मांडलं. त्याच वर्षी २८ जुलैला, त्याच कौन्सिलात, ते बाळंतपणाच्या लाभाच्या बिलावर बोलायला उभे राहिले. महिने दोन, पण बोलणं एकाच माणसाबद्दल, जिची मेहनत फुकट धरली जाते तिच्याबद्दल. बिल रा. सा. असवले यांनी आणलेलं होतं. त्याआधी मध्यवर्ती असेंब्लीत ना. म. जोशींनी असा प्रयत्न केला होता, तो हाणून पाडला गेला. बाहेर मुंबईत गिरण्यांचा मोठा संप चालू होता, एप्रिल ते ऑक्टोबर. वाइंडिंग-रीलिंग खात्यातल्या बाया त्या संपात होत्या. त्यातल्या कितीजणी त्या पावसाळ्यात पोटुशी असतील, याची नोंद कुणी ठेवली नाही.

बाबासाहेबांचं म्हणणं थोडक्यात असं. आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे. तेव्हा हा भार खरं तर सरकारनंच मोठ्या प्रमाणात उचलायला पाहिजे. पण म्हणून मालक सुटत नाही. मालक बाईला कामावर ठेवतो ते दया म्हणून ठेवत नाही. पुरुषापेक्षा तिच्याकडून त्याला जास्त फायदा होतो म्हणून ठेवतो. फायदा घेतो तर थोडा खर्चही त्यानं सोसला पाहिजे. नीट बघा, इथं त्यांनी बाईवर उपकार करा असं म्हटलेलं नाही. हिशोब मांडला आहे.

एक गोष्ट आणखी. रमाईला पाच लेकरं झाली, त्यातला एकटा यशवंत जगला. चार गेली. शेवटचा राजरत्न १९२६ साली गेला. दोन वर्षांनी हे भाषण झालं. भाषणात घरचं दुःख नाही, आकडे आणि न्याय आहे. पण गरिबाच्या बाईचं पोट आणि पाळणा म्हणजे काय, हे त्या माणसाला कुणी सांगायची गरज नव्हती. पुढं नोव्हेंबर १९३८ मध्ये त्यांच्या पक्षाचे आमदार पी. जे. रोहम यांनी मुंबई असेंब्लीत संततिनियमनाचा ठराव मांडला. तो फेटाळला गेला. २० जुलै १९४२ ला नागपूरला दलित महिला परिषद भरली. तिथं आपल्या बायांनी गिरणी, विडी कारखाने, म्युनिसिपालिट्या आणि रेल्वेतल्या बायांच्या रजेचा ठराव केला. तेव्हा हा प्रश्न चळवळीला नवा आहे असं कुणी म्हणू नये. मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे १९८९ चं पुस्तक ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी मिळवून वाचावं.

१९२९ साली मुंबई इलाख्यात कायदा झाला. रोजी आठ आणे, बाळंतपणाच्या आधीचे-नंतरचे मोजके आठवडे, आणि तेही फक्त कारखान्यातल्या बाईला. शेतावरची बाई कायद्याबाहेर राहिली. मालकांनी काय केलं? १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत पाचात एक कामगार बाई होती. पुढं हा आकडा उतरतच गेला. नवी यंत्रं, रात्रपाळीची बंदी आणि हा खर्च, अशी कारणं त्याची सांगतात. कायदा झाला आणि बाईच कमी केली, असा हा धडा आहे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते. त्या काळात, १९४५ साली, खाणीच्या पोटात उतरणाऱ्या बाईला बाळंतपणाची मुदत वाढवून मिळाली.

स्वतंत्र भारताचा कायदा आला १९६१ साली. बारा आठवडे. २०१७ साली ते सव्वीस झाले. आता हा कायदा सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये गेला आहे, ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. सव्वीस आठवडे ऐकायला मोठे वाटतात. पण त्यातले आठच आठवडे बाळंतपणाच्या आधी घेता येतात. अवजड काम किंवा तासन्‌तास उभं राहण्याचं काम नको, असं बाईनं सांगितलं तर ते देऊ नये, अशीही तरतूद आहे. पण ती लागू होते बाळंतपणाच्या सहा आठवड्यांच्या आधीच्या एका महिन्यात. म्हणजे सातवा महिना सरत आल्यावर. बोटं मोजून बघा. चौथा, पाचवा, सहावा महिना यात कुठंच येत नाही.

मी सूतगिरणीत काम करतो. आमच्या रिंगफ्रेमवर बाया आठ आठ तास उभ्या असतात. हवेत कापसाचं तूस, अंगाला दमट उकाडा. दिवस गेलेले सांगितले तर उद्या खात्यातून काढतील, ही भीती. म्हणून पोरी पाचव्या महिन्यापर्यंत ओढणी आवळून बांधतात, वर ॲप्रन घालतात. बाळ पहिल्यांदा हालतं तेव्हा तुटलेला धागा जोडत असतात. कायद्याची आमची ओळख ही अशी. तो भिंतीवरच्या कागदावर असतो आणि तिथपर्यंत वाचायला जायची सुट्टी नसते.

पण गिरणीतल्या बाईला निदान हजेरी आहे. आता ऊसतोडीच्या बाईकडं या. दर दिवाळीच्या आगेमागे बीड, अहिल्यानगर आणि इतर दुष्काळी भागांतून टोळ्या या बागायती पट्ट्यात उतरतात. नवराबायको मिळून एक कोयता. माणूस दोन, मोजदाद एक. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती अंगमेहनतीनं फेडायची. एक दिवस चुकला तर खाडा, त्याचे पैसे कापतात. करार बहुतेक नवऱ्याच्या नावावर, बाईचं नाव कुठंच नाही.

गाळपाचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल. आता हिशोब मांडा. बाईला श्रावणात दिवस गेले तर दिवाळीनंतर चौथा महिना लागतो. माघापर्यंत सहावा संपतो. बाळंतपण वैशाखात, गावी. म्हणजे तिचे मधले महिने पूर्णच्या पूर्ण फडात जातात. पहाटेच्या अंधारात उठायचं, पाणी आणायचं, भाकरी थापायच्या. मग दिवसभर वाकून तोडायचं, मोळी बांधायची, तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरनं गाडीत चढायचं. फडात आडोसा नाही, म्हणून लघवी दाबून धरायची, पाणी कमी प्यायचं. त्यातनं लघवीचा जंतुसंसर्ग होतो, आणि तो या महिन्यांत आईला आणि पोटातल्या जिवाला दोघांनाही घातक असतो. कायद्याची रजा सुरू होते तेव्हा ती कोपी मोडून गावाकडं निघालेली असते. कायदा आणि ती, एकमेकांना भेटतच नाहीत.

याचा शेवट कुठं होतो? २०१९ साली विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. दर सहा बायांमागं एक. पाळीचा खाडा नको, दुखण्याचा खाडा नको, म्हणून अवयवच काढून टाकायचा. मधल्या महिन्यांत ज्या शरीराला कुणी थोडा विसावा दिला नाही, त्याच शरीराचा हा पुढचा हिशोब आहे.

काही मित्र म्हणतील, हा बायकांचा विषय, आपण जातीअंताचं बोलू. त्यांना मी विचारतो, फडात वाकलेल्या बायांत आपल्या वस्तीतल्या किती आहेत ते मोजलं का? वतन १९५८ च्या कायद्यानं गेलं. पण जमीन न मिळालेला माणूस उचलीत अडकला, आणि उचल ही बाईच्या पोटापर्यंत पोचणारी वेठ आहे. जात आणि मजुरी या दोन्ही तिच्या अंगावर एकदम पडतात.

म्हणून करायच्या गोष्टी लिहितो. पणदरे असो, इंदापूर असो की आणखी कुठं, हंगाम लागला की टोळ्यांच्या कोप्यांवर जा. दिवस गेलेल्या बाया किती ते विचारा, पण बायांना घेऊन जा, नुसती पोरं जाऊ नका. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायांची मोफत तपासणी असते, २०१६ पासून. ती चौथ्या महिन्यापासूनच्या बायांसाठीच आहे. त्या दिवशी मुकादमाकडून खाडा न लावता सुट्टी मागा. चौथ्या महिन्यापासून १८० दिवस लोहाच्या गोळ्या मिळतात, त्या मिळतात का बघा. रक्तदाब आणि हिमोग्लोबिन तपासलं का विचारा. गावाकडं काढलेलं माता-बाल कार्ड सोबत आणायला सांगा, ते दुसऱ्या तालुक्यातही बघतात. अंगावर पाणी जाणं, रक्त जाणं, डोकं फार दुखणं, बाळ हालायचं थांबणं, यातलं काही झालं तर उजाडायची वाट बघायची नाही. १०८ ला फोन लावायचा.

आणि मागणी एकच धरा. कराराच्या कागदावर बाईचं नाव वेगळं, मजुरी वेगळी. चौथा महिना लागला की मोळी डोक्यावर नाही, हलकं काम, रोज पूर्ण. १९२८ साली बाबासाहेबांनी जो हिशोब कौन्सिलात मांडला त्यात बाळंतपणाआधीची विश्रांती होती. कायद्यानं ती शेवटच्या आठ आठवड्यांत कोंबली. ती ओढून पाचव्या महिन्यापर्यंत, चौथ्या महिन्यापर्यंत आणायची, हे काम आपल्याकडं शिल्लक आहे. या हंगामात सुरुवात करा आणि कोणत्या कोपीवर किती बाया भेटल्या, ते या अंकाला लिहून कळवा. जय भीम.